चित्रकलेचा तास कोणासाठी?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या विद्यार्थ्यांचा येथे गौरव झाला त्यांत आपल्या ज्ञातीतील एका कन्येचे नाव सर्वांच्या शेवटी, आणि काहीशा संकोचानेच, घेतले गेले. तिने कलाशिक्षक पदविकेसाठी प्रवेश घेतला आहे. वैद्यकी आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला टाळ्यांचा जो कडकडाट आला तो तिच्या वाट्याला आला नाही. म्हणून मला दिलेला वेळ मी तिच्याकरिता खर्च करणार आहे. मी कलाभिज्ञ नव्हे. शालान्त परीक्षेनंतर शिक्षकी पेशाचे शिक्षण घेऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळांतून मुले शिकविली, एवढेच माझे भांडवल. परंतु माझ्या शाळांना चित्रकलेचा स्वतंत्र शिक्षक कधी मिळालाच नाही, त्यामुळे तोही विषय माझ्याच गळ्यात पडला, आणि पुढे तो गळ्यातला ताईत झाला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली खरी. पण ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेथेही पटसंख्या शंभरांहून अधिक असेल तरच. वाडीवस्तीवरील शाळा त्या हिशेबात बसत नाही. तेथील मुलांनी रंगांशिवायच मोठे व्हावे, असाच त्याचा अर्थ होतो.

आता ज्यांना कलाशिक्षक मिळतो त्यांचे काय होते ते पाहू. मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. युरोपातील पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून त्यांची हुबेहूब रेखाटने करणे हा तेथील जुन्या शिक्षणाचा मोठा भाग होता. त्या शाळेने या प्रांतास थोर चित्रकार दिले. तिच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि ‘हुबेहूब’ हाच चित्राचा एकमेव निकष अशी जी समजूत आपल्या वर्गावर्गांतून रुजली, तिचे मूळ मला त्याच पद्धतीत दिसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांची तयारी पाहा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सारे विषय चांगले आहेत. पण शिक्षकाचे लक्ष ‘हात असलेल्या’ चारपाच मुलांवरच असते. उरलेली तीसपस्तीस मुले ‘आपल्याला चित्रकला येत नाही’ एवढे एकच ज्ञान घेऊन बाहेर पडतात. गणित न येणाऱ्या मुलाला आपण गणिताच्या तासाला बसवून ठेवतो, समजावतो, प्रसंगी रागावतोही. चित्र न येणाऱ्याला मात्र आपण सहज सोडून देतो. ही उदारता नव्हे.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला जवळजवळ दिसत नसे. उजेड आणि सावली एवढेच कळे. आधीच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला त्याला पटांगणात बसवीत. श्रावणातल्या एका आठवड्यात मी सर्वांना ओढ्याची चिकणमाती आणावयास सांगितली आणि पोळ्याचे बैल करावयास लावले. डोळस मुलांचे बैल पुस्तकातल्या चित्रासारखे झाले, सारे एकसारखे, गुळगुळीत. या मुलाच्या बैलाला मात्र वशिंडाच्या पुढे मानेवर एक जाडसर, खडबडीत पट्टा होता. मी विचारले, “बाळ, हे काय?” तो म्हणाला, “गुरुजी, इथं जू बसतं. इथलं कातडं जाड असतं.” पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तो वडिलांबरोबर बैलांच्या मानेला हळद आणि तूप चोळीत असे. वर्गातील एकाही डोळस मुलाने ती जागा पाहिलेली नव्हती. त्या दिवसापासून माझ्या वर्गात कागदाआधी माती येऊ लागली आणि तो मुलगा पटांगणात बसेनासा झाला.

हा केवळ दयेचा विषय नाही, हे सांगण्यासाठी एका थोर पुरुषाचे नाव घेतो. शांतिनिकेतनातील चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. तशाही स्थितीत त्यांनी तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र रंगविले. पुढे नेत्रशस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. त्यानंतरही ते कागद कापून चित्रे करीत राहिले आणि 1972 साली कलाभवनाच्या भिंतीसाठी फरशांचे भित्तिचित्र सिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशी मुले आता सर्वांच्या वर्गात बसावयाची आहेत. कायदा मुलाला बाकापर्यंत आणतो. बाकावर त्याच्या हाती काय द्यावयाचे, ते शिक्षकाला ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट साहित्याची. रंगपेटी, कागद, ब्रश यांचा खर्च ज्या घराला झेपत नाही, त्या घरचे मूल तासाच्या दिवशी ‘विसरलो’ म्हणते. त्याला खोटे बोलावयास आपणच शिकवितो. गेरू, कोळसा, हळद, नीळ आणि तांदळाचे पीठ यांवर वर्षभराचे काम निभावते, हा माझा अनुभव आहे. सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये शांतिनिकेतनात शिकून आलेल्या देवीप्रसादांनी 1944 पासून कितीतरी वर्षे मुलांना कला शिकविली. कला हा शिक्षणाचा दागिना नसून पाया आहे, अशी त्यांची धारणा होती.

आणि कलेचे गुरू शाळेबाहेरही असतात. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई भूमिती जाणते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी कडेपासून आत आत धावदोरा घालीत जाते तेव्हा कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसवावा याचा निर्णय तीच करते. अशा एका आजीला मी वर्गात बोलाविले तेव्हा ती प्रथम दाराबाहेरच बसली. आत येऊन खुर्चीवर बसावयास तिला अर्धा तास लागला. तिची नात मात्र त्या दिवशी पहिल्या रांगेत आली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हल्ली कोणत्याही शाळेची भिंत दिसली की तिच्यावर वारली माणसे नाचविण्याची लाट आली आहे. डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत, त्यात पालघाट देवी असे, आणि तो तांदळाच्या पिठाने लिहिला जाई. पुढे 1970 नंतर ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हशे यांनी तिला जगभर नेले आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या स्त्रियांच्या हातून ती त्यांच्यापर्यंत आली त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, ही हळहळ मला आहेच. भिंत अवश्य रंगवावी. पण मुलांना हा चौक कोणाचा आणि कशासाठी, ते आधी सांगावे. शक्य असेल तेथे त्या समाजातील माणसालाच बोलावून, योग्य मानधन देऊन, शिकवावयास लावावे.

आता घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या संस्थेच्या सभागृहात दर रविवारी चित्रकलेचा वर्ग सुरू करावा आणि तो या कन्येने चालवावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आहे. तिच्यात एक अट आहे : वर्ग केवळ ज्ञातीतील मुलांसाठी असावा. देणगीदारांचा पैसा ज्ञातीसाठी आहे, हे म्हणणे मला समजते. त्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात अनादर नाही. परंतु आपल्या इमारतीच्या मागील गल्लीत राहणारी मुले खिडकीतून आत पाहणार, आणि आतली मुले ‘आपला समाज’ या विषयावर चित्र काढणार, हे दृश्य मला पाहवणार नाही. आपल्यापैकी बहुतेकजण ज्या शाळांत शिकलो त्या सार्वजनिक होत्या. तेथे आपली जात पाहून कोणी पाटी हिसकावून घेतली नाही. आणि जेथे कोठे घेतली असेल, तेथील दुःख आपल्या वडीलधाऱ्यांनीच आपल्याला सांगितले आहे.

म्हणून मी तीन दुरुस्त्या सुचवितो. वर्ग गल्लीतील सर्व मुलांसाठी खुला असावा. तो दुसऱ्या मजल्यावरील सभागृहात न भरविता खालच्या ओसरीत भरवावा, म्हणजे कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलालाही जिना चढावा लागणार नाही. आणि या मुलीला ‘समाजसेवा’ म्हणून फुकट राबवू नये. तिला दरमहा मानधन द्यावे. पहिल्या वर्षाच्या मातीचा, गेरूचा आणि कागदाचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. मंडळाची सभा पुढील रविवारी आहे. तोपर्यंत सभासदांनी यावर विचार करावा, अशी माझी विनंती आहे.