एका मुलीची लस, साऱ्या गावाचे संरक्षण

(रायगड किनाऱ्यावरील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी चारचौघांत बोलणे आपल्याकडे अवघड जाते. परंतु २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. तेव्हा संकोच बाजूस ठेवणे भाग आहे.

हा रोग ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधांतून तो स्त्रीकडून पुरुषाकडे व पुरुषाकडून स्त्रीकडे जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पुढे पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवतो. एकदा जडलेला संसर्ग लसीने बरा होत नाही. म्हणूनच ती नऊ ते चौदा या वयात द्यावयाची असते.

ऑस्ट्रेलियात २००७ साली मुलींना ही लस देण्यास प्रारंभ झाला. ह्याच विषाणूच्या दुसऱ्या प्रकारांमुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. काही वर्षांतच तरुण मुलींमध्ये त्या फार थोड्या उरल्या. पण त्याच वयाच्या पुरुषांतही त्या झपाट्याने घटल्या. ह्या पुरुषांना तर लस दिलेलीच नव्हती! स्कॉटलंडमध्येही लस न घेतलेल्या तरुणींत कर्करोगाच्या पूर्वखुणा कमी आढळू लागल्या. आणि बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एकही नोंद नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. विषाणूला पुढे जाण्यास वाटच उरली नाही, की न टोचलेल्यांनाही आडोसा मिळतो.

खारबंदिस्तीच्या ह्या मुलखात ही गोष्ट फोडून सांगावयास नको. बांध सर्वांचे शेत राखतो; पण एके ठिकाणी खांड पडली, की भरतीचे पाणी आत शिरतेच. आपल्या जिल्ह्यात अशी खांड कोठे पडू शकेल, हे आपण जाणता. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. शाळेच्या हजेरीपटावरून लसीकरण केले, तर ह्या मुली सुटतात. लग्ने आपापल्या समाजातच होत असल्याने त्या वाड्यांना इतरांच्या लसीचा आडोसाही पुरेसा मिळणार नाही. जिल्ह्याची सरासरी नव्वद टक्के दाखवून आपण समाधान मानू, आणि रोग नेमका त्याच वाड्यांत उरेल.

एकच मात्रा पुरते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबई, पुणे, बार्शी आणि देशातील इतर काही केंद्रांवर २००९ साली मुलींवर दोन व तीन मात्रांचा अभ्यास सुरू झाला. पुढच्याच वर्षी आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद उठला व येथील लसीकरणही थांबविण्यात आले. हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांचा मागोवा मात्र सुटला नाही; आणि एका मात्रेनेही मुख्य दोन प्रकारांच्या चिवट संसर्गापासून जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते, असे २०२१ साली दिसून आले.

त्या वादातील एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानी ठेवावी. तेथील मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. पण पालकांच्या जागी मुख्याध्यापकांनी व वसतिगृह अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, ह्यावर कडक ताशेरे ओढले गेले. तेव्हा आईबापांना समजावून सांगितल्यावाचून एकही सही घेऊ नये. लसीने वंध्यत्व येते ही अफवा आहे. तीत जिवंत विषाणू नसतो, केवळ त्याच्या कवचासारखे प्रथिन असते. जपानमध्ये अशाच भीतीपोटी २०१३ साली सरकारने शिफारस मागे घेतली आणि सुमारे सत्तर टक्क्यांवर असलेले लसीकरण एक टक्क्याखाली आले. शिफारस पूर्ववत व्हावयास २०२२ साल उजाडले.

मुलींच्या आयांना ह्या लसीचा फारसा उपयोग नाही. त्यांना तपासणी हवी. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाला विषाणूच्या एकाच तपासणीची सोय मिळाली, त्यात ह्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

ग्रामपंचायतींना माझी विनंती एवढीच, की शाळाबाह्य मुलींची वाडीवार यादी अंगणवाडी सेविका व आशा यांच्याकडून दिवाळीपूर्वी करून घ्यावी, आणि भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचा मुक्काम कोणत्या गावी आहे, तेही त्याच यादीत लिहावे.