झोपायच्या खोलीतली प्रयोगशाळा



आज एका बाईविषयी बोलणार आहे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीतल्या तुरीनची, ज्यू घरातली, जन्म १९०९. बापाचं म्हणणं, पोरींना कॉलेज कशाला? ती भांडली. १९३६ साली डॉक्टर झाली, मज्जापेशींच्या संशोधनाला लागली.

१९३८ साली मुसोलिनीनं वंशाचे कायदे आणले. तिची लायकी कुणी तपासली नाही. जन्म तपासला आणि विद्यापीठातून हाकललं.

तिनं झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून धारदार केल्या. प्रयोगाला कोंबडीची अंडी. आतल्या गर्भाचा जिथून पाय फुटतो तो अंकुर कापायचा आणि मज्जापेशींचं काय होतं ते बघायचं. हाम्बुर्गर या शास्त्रज्ञाचं मत होतं, अवयव नसला की पेशी घडतच नाहीत. हिला दिसलं, पेशी घडतात, वाढायला लागतात आणि मग मरतात. त्यांना जगवणारं जिथून यायचं, तेच कापलेलं असतं.

यावरून समाजाचा नियम काढायचा मोह होतो. मी काढणार नाही. जीवशास्त्राच्या नावानं माणसांची प्रतवारी लावणाऱ्या जाहीरनाम्यावर १९३८ सालीच इटलीतल्या काही शास्त्रज्ञांनी सह्या ठोकल्या होत्या. तो धंदा त्यांचा.

बॉम्ब पडायला लागले तेव्हा ती खेड्यात गेली, प्रयोग चालूच. १९४३ साली जर्मन आले, फ्लॉरेन्सला लपली. युद्धानंतर त्याच हाम्बुर्गरनं तिला अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. त्यालाही जर्मनीतल्या नोकरीतून १९३३ साली ज्यू म्हणूनच काढलेलं. तिथं १९५०च्या दशकात स्टॅनली कोहेनबरोबर तिनं मज्जापेशींना जगवणारं, वाढवणारं द्रव्य शोधलं. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. २०१२ साली, १०३ वर्षांची होऊन ती गेली.

आता कुणीतरी शहाणा म्हणेल, बघा, गुणवत्ता असली की दार उघडतंच! साफ खोटं. तिच्याकडे खोली होती. मदतीला भाऊ होता. हाकललेले गुरू जिउसेप्पे लेव्ही तिच्या हाताखाली काम करायला आले होते. ज्यांना खोलीच नव्हती त्यांचं काय? ज्यांना आगगाडीत कोंबून छावणीत नेलं, त्यांच्या डोक्यातले शोध कुठल्या मासिकात छापले?

तिच्यासाठी टाळ्या वाजवा, जोरात वाजवा. पण हाकलणाऱ्या कायद्याला तिच्या नोबेलमागं लपू देऊ नका.