४७७ नंबरची लोकर

हेडफोन नीट लावा, आजचा विषय जरा येडचाप आहे. गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात एक किडा आहे. अक्षरशः किडा. लोकरीचा, जेमतेम नखाएवढा.

मासेमारीतली ‘फ्लाय’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गळावर पिसं, लोकर, तार असं काहीबाही गुंडाळून खोटा किडा बांधायचा, आणि तो खरा समजून माशानं तोंड मारायचं. झालं.

मी कामासाठी इंग्लंडला होतो तेव्हा एका रविवारी विल्टशरमध्ये अॅव्हन नदीच्या काठी फिरत होतो. पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. एक आजोबा मासे धरत होते. मी तासभर मागे उभा राहिलो, म्हणून असेल, जाताना त्यांनी डबीतली एक फ्लाय माझ्या तळहातावर ठेवली. मातकट, गुबगुबीत, ना डोळे ना पंख. नाव म्हणे ‘किलर बग’. बग! आमच्या धंद्यात या शब्दानं झोप उडते, आणि इथे माणूस तो प्रेमानं डबीत ठेवतो.

ती मी खिशात ठेवली आणि जीन्स धुवायला टाकली. संपलं. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

मग शोधत बसलो. ही फ्लाय फ्रँक सॉयर यांची. त्याच नदीवर नेदरअॅव्हनला ते रिव्हरकीपर होते, म्हणजे नदीची आणि माशांची राखण करणारे. १९५८ साली त्यांचं ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक आलं. त्यांची युक्ती अशी, की बांधायला दोरा घ्यायचाच नाही, तांब्याची बारीक तार घ्यायची. तार बांधतेही आणि वजनही देते, फ्लाय झटकन तळाकडे जाते. किलर बगमध्ये तार आणि लोकर, एवढंच. पाण्यातल्या छोट्या कोळंबीसारखी दिसते. मूळ शिकार ट्राउट नव्हे, ग्रेलिंग. त्या काळी ट्राउटच्या नदीत ग्रेलिंग म्हणजे उपद्रव.

आणि आता खरी गंमत. लोकर साधीसुधी नाही. चॅडविक कंपनीची, ४७७ नंबरची, मोजे रफू करायची! कोरडी असताना करडी-मातकट, भिजली की आतून किंचित गुलाबी झाक. ती लोकर बनणं बंद होऊन कित्येक दशकं झाली. आज जुनं कार्ड मिळालं तर लोक ते सोन्यासारखं जपतात, वीत-वीत लोकर एकमेकांना पाठवतात. मीही दोन लिलावांत बोली लावली. हरलो. रक्कम सांगत नाही, आई हे ऐकते.

मागच्या मार्चमध्ये हिमाचलचा ट्राउटचा सीझन उघडला तेव्हा मित्र तीर्थन खोऱ्यात गेले. मी गेलो नाही. कारण? माझी फ्लाय ‘बरोबर’ झाली नव्हती. कामाचं निमित्त सांगितलं, पण खरं कारण हे. ते परत आले, फोटो दाखवले, आणि मला इतका राग आला... त्यांचा नाही, लोकरीचा.

सॉयर यांनी तरी काय केलं होतं? हाताशी असलेली रफूची लोकर उचलली. ते काही लिलावात गेले नव्हते. हे मला कळतं. तरी रात्री अकराला टेबलाला वाइस लावून बसलो की वाटतं, ती गुलाबी झाक हवीच. माशाला फरक पडत नसेल. मला पडतो.

दिवाळीला घरी गेलो तर बाबांचा जुना हाफ स्वेटर सापडला. रंग बघून छातीत धस्स झालं. “बाबा, याचा थोडा धागा उसवू?” “कशाला?” “माशासाठी.” बाबा आईकडे बघत म्हणाले, “अगं, याचं लग्न बघ आता.” पण कोपऱ्यातून हातभर उसवून दिला.

बारा बांधल्या. पहिल्या चार भोपळ्यासारख्या झाल्या, कारण मी तार जास्त गुंडाळत होतो. बाकीच्या बऱ्या आहेत. स्टीलच्या पेल्यात नीट दिसेना, म्हणून काचेच्या ग्लासात बुडवून मोबाईलच्या टॉर्चखाली बघितल्या. गुलाबी नाही. थोडी तपकिरी, थोडी लालसर. आजोबांच्या फ्लायसारखी नाही.

या मार्चचं तिकीट मात्र काढलंय. आणि हो, तेरावी आत्ता वाइसमध्ये आहे, तीत स्वेटरच्या धाग्याबरोबर एक लाल धागा पिळून बघतोय.