वेळ बघायलाही वेळ लागतो

आजचा भाग छोटा आहे, आणि तो माझ्या एका चुकीबद्दल आहे.

एका लहान इंटरनेट प्रोव्हायडरकडे जुन्या सर्व्हरवर लिनक्स टाकून आम्ही राउटर केला होता. रात्री नऊनंतर ट्रॅफिक वाढलं की पॅकेट्स ड्रॉप व्हायची. मी दोन दिवस फायरवॉलचे नियम चाळले आणि सांगून टाकलं, "मशीन कमी पडतंय, नवीन घ्या." मालक म्हणाले, "ताई, आत्ता नाही हो परवडणार. अजून एकदा बघा ना."

मग परत बसले. पर्फ टॉप लावलं, तर सगळ्यात वर फायरवॉल नाहीच. वर होतं 'रीड एचपीईटी'. म्हणजे सीपीयू घड्याळ बघण्यातच दमत होता!

त्याचं असं आहे. राउटरवर एनटीपीडी चालू होता. अचूक वेळ लावायची तर उत्तराचं पॅकेट नेमकं कधी आलं हे त्याला हवं असतं, म्हणून तो कर्नलकडे टाइमस्टॅम्प मागतो. पण पॅकेट आत येतं तेव्हा ते कोणाचं हे कर्नलला माहीत नसतं. त्यामुळे एकाने मागितलं की येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर वेळ टाकली जाते. सोसायटीत एका फ्लॅटने सांगितलं, "आमच्याकडे कोण किती वाजता आलं ते लिहा," आणि वॉचमन गेटवर सगळ्यांचीच वेळ लिहीत बसला, तसं.

तरी हे सहसा जाणवत नाही. टीएससी हे घड्याळ प्रोसेसरच्या आतच असतं, ते वाचायला काही दहा नॅनोसेकंद लागतात. मनगटावरचं घड्याळच ते. एचपीईटी मात्र प्रोसेसरच्या बाहेर आणि सगळ्या कोअर्समध्ये एकच. एकदा वाचायला साधारण एक मायक्रोसेकंद, वर रांग वेगळी. आता हिशोब बघा: 1 गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान पॅकेट्स आली तर सेकंदाला 14.88 लाख, म्हणजे एका पॅकेटला 672 नॅनोसेकंद. खरी पॅकेट्स मोठी असतात, पण गणित कुठे फसतं ते कळतं.

एनटीपीडी दोन मिनिटं बंद केला. सीपीयू लगेच शांत!

पण तो कायमचा बंद ठेवता येत नाही. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार प्रोव्हायडरला घड्याळं जुळलेली ठेवावीच लागतात. मग बूटचे लॉग वाचले. कर्नलने टीएससीला अस्थिर ठरवून एचपीईटी निवडलं होतं. बायोस जुना होता. तो अपडेट केल्यावर टीएससी टिकलं, आणि रात्रीचे ड्रॉप थांबले. त्याच मशीनवर, एनटीपीडी चालू ठेवून.

जबरदस्तीने टीएससी लावून मोकळं होऊ नका बरं का. ते खरंच अस्थिर असेल तर वेळच चुकेल. आधी कारण शोधा.

मी मात्र एक सवय लावून घेतलीय. "नवीन मशीन घ्या" म्हणायच्या आधी चालू क्लॉकसोर्स कुठला आहे ते बघते. एका ओळीची फाइल असते. ती न वाचता मी कोणाचे तरी लाखभर रुपये घालवणार होते.

चला, भेटू पुढच्या भागात!