कातीव वस्तूंची वही

 

आज आपण कातीव लाकडी वस्तूंबद्दल बोलणार आहोत. कातीव म्हणजे लेथवर लाकूड फिरवत ठेवून पटाशीनं सोलून गोल केलेली वस्तू. शब्द तुम्हाला नवा वाटेल, पण वस्तू रोज हातात असते. आपलं लाटणं कातीव असतं. ताकाच्या रवीचा दांडा कातीव असतो. पाळण्याच्या दांड्या, चौरंगाचे पाय, सारीपाटाच्या सोंगट्या, लाकडी कुंकवाचा करंडा, पोरांचा भोवरा, भातुकलीतली कळशी आणि इवलासा खलबत्ता, हे सगळं कातकामच. आपल्या सिंधुदुर्गात तर सावंतवाडीची चितार आळी याच कामावर नावारूपाला आली. तिथली लाकडी फळं आणि भातुकली दूरदूरची माणसं घेऊन जातात.

आमच्या ग्रामसंघातल्या गटांनी मध्यंतरी एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. लोणची, कोकम आणि थोडी लाकडी खेळणी ठेवली होती. येणाऱ्या बायका खेळणी हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, "आमच्या आजीकडे होती तसली भातुकली नाही का हो?" तसली म्हणजे कसली, ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. नमुना कोणाकडेच नव्हता. म्हणून गटांनी ठरवलं की पुढचे दोन महिने साप्ताहिक बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली एखादी जुनी कातीव वस्तू आणायची. माळ्यावरची, पडवीतली, मोडकी असली तरी चालेल.

वस्तू भरपूर आल्या. झाकण हरवलेले करंडे आले, दांडा झिजून बारीक झालेल्या रव्या आल्या, एक पाय नसलेला पांगुळगाडा आला. आणि एका घरातून वही आली. त्या घरातले सासरे कातारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. वही हिशेबाची, लाल कापडी बांधणीची. पण आत हिशेबाऐवजी पानापानावर वस्तूंची चित्रं होती. एका पानावर एक वस्तू, बाजूला मापं. मापं इंचात आणि सुतात. सुतारकामात एक इंचाचे ८ सूत धरतात. वाटीची कड २ सूत जाड, बुंधा ३ सूत, असं सगळं बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं. आमच्या ओळखीच्या एका कातारीदादांनी वही बघून सांगितलं की यावरून आजही वस्तू करता येईल.

केलीसुद्धा. कळशी आकारानं हुबेहूब झाली, पण आठ दिवसांत उभी तडकली, आणि तिच्यावरची लाख पापुद्र्यासारखी सुटली.

वहीत माप होतं. लाकूड कुठलं, किती वाळवलेलं, लाख कधी लावायची, हे कुठेच नव्हतं. कातारीबाबांना ते लिहायची गरज वाटली नसणार, कारण लाकूड वाळवणं आणि लाख लावणं हे काम त्यांच्याकडे नव्हतंच. ते काम त्यांची सून करायची. वीस वर्षं तिनं ते केलं. आम्ही त्या वहिनींना विचारायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "माका खंय काय येता? मी नुसती लाख लावतंय."

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण सगळ्याच जणी कधी ना कधी बोलतो. मी नुसती भाकरी करते, मी नुसती पाखडते, मी नुसती लाख लावते. त्या वहिनी मग दीड तास बोलल्या. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही त्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट लाकडाची. पांगारा हलका आणि मऊ, म्हणून खेळण्याला बरा. पण लाटण्याला पांगारा घेतला तर तो दबतो. लाटण्याला शिसव, सागवान, बाभूळ असं घट्ट लाकूड हवं. शिवण हलकी असूनही फारशी वाकत-तडकत नाही, म्हणून डब्या आणि करंड्यांना चांगली. ओलं लाकूड लेथवर सहज सोलतं, म्हणून मोह होतो. पण ते नंतर वाळताना आक्रसतं आणि तडकतं. सावलीत वाळवायचं असेल तर लाकडाच्या दर इंच जाडीला साधारण एक वर्ष धरतात. ओंडक्याची दोन्ही टोकं मेणानं किंवा जुन्या रंगानं बंद करायची, कारण पाणी टोकांतून भराभर निघून जातं आणि तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट लाखेची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ. ती गरम करून, रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. वस्तू लेथवर फिरत असतानाच कांडी तिच्यावर दाबून धरायची. घासून उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. वहिनी म्हणाल्या, कमी दाबलं तर दाणे राहतात, जास्त दाबलं तर रंग काळवंडतो, आणि लाकूड ओलसर असलं तर लाख धरतच नाही. मग केवड्याच्या सुक्या पानानं घासून चकाकी आणायची. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला खेळणी होतात, तिथेही शेवटी केवड्याचंच पान वापरतात. आणि एक लक्षात ठेवायचं, लाख उष्णतेनं मऊ पडते. म्हणून खेळण्याला, करंड्याला लाख चालते, पण गरम आमटीच्या डावाला ती लावायची नाही.

वहीतली चित्रं आणि वहिनींचं बोलणं एकत्र आलं तेव्हा कुठे दुसरी कळशी धड झाली. ती अजून तडकलेली नाही.

असं ज्ञान माणसाबरोबर जातं. सावंतवाडीच्या गंजिफ्याचं तेच होणार होतं. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. एक वेळ अशी आली की ते करणारे अगदी मोजके वयोवृद्ध चितारी उरले होते. तेव्हा तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्याकडून शिकले. मग राजवाड्यातच इतरांना शिकवणं सुरू झालं. गंजिफा आणि लाखकाम आज राजवाड्यात बघायला मिळतं ते त्यामुळे. आंध्र प्रदेशात एटिकोप्पाका नावाचं गाव आहे. तिथल्या लाखेच्या खेळण्यांत झाडापानांचे रंग पुन्हा आणण्यासाठी सी. व्ही. राजू यांनी आयुष्य घातलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे सुरुवात एकाच गोष्टीनं झाली. ज्याला येतं त्याच्याजवळ कोणीतरी बसलं आणि त्याला विचारलं.

आता हे आपल्या गटात कसं करायचं ते सांगतो. वेगळा खर्च नाही. एक जाड वही, पेन्सिल, फूटपट्टी आणि दोरा लागेल.

एका वस्तूला एक पान द्या. वर तिचं नाव लिहा, आपल्या गावात म्हणतात तेच. मग उंची लिहा. मग जाडी. गोल वस्तूची जाडी पट्टीनं नीट सापडत नाही, म्हणून दोरा गुंडाळून घेर मोजायचा आणि त्याला २२ नं भागून ७ नं गुणायचं. घेर २२ सेंटीमीटर आला तर जाडी ७ सेंटीमीटर. जिथे वस्तू फुगते आणि जिथे बारीक होते, त्या प्रत्येक जागी असं माप घ्या, आणि ती जागा तळापासून किती वर आहे तेही लिहा. मोबाईलवर फोटो काढताना वस्तूशेजारी पट्टी उभी ठेवा आणि फोन वस्तूच्या उंचीलाच धरा. वरून काढलेल्या फोटोत तळ लहान दिसतो आणि आकार फसतो. लाकूड कोणतं, वस्तू कुठे झिजली, कुठे दुरुस्त केली, तेही लिहा. झिजलेली जागा सांगते की हात कुठे धरत होता.

जुन्या रंगीत खेळण्यांबाबत मात्र जपा. पूर्वीच्या काही तेलरंगांत शिसं असायचं, आणि शिसं लहान मुलांच्या वाढीला फार घातक. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचं तेलरंगाचं खेळणं नमुना म्हणून ठेवा, तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका. स्वयंपाकाच्या लाकडी वस्तूला तेल लावायचं तर साधं जवसाचं तेल घ्या आणि ते पूर्ण सुकू द्या. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं ते नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंची रसायनं घालतात.

आपल्यापैकी कोणी लेथवर बसायला शिकत असेल, तर तिच्यासाठी चार शब्द. फिरत्या लेथला सैल कापड चालत नाही. पदर, ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, लांब मंगळसूत्र, यातलं काहीही गुंतलं तर हात ओढला जातो, आणि लेथ थांबवायला वेळ मिळत नाही. बांगड्या-मंगळसूत्र काढायला घरात संकोच वाटतो हे आम्हाला माहीत आहे. सासूबाईंना आणि नवऱ्याला लेथजवळ नेऊन एकदा दाखवा, मग त्या स्वतःच सांगतील, काढून ठेव गो. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. लाकडाचा बारीक भुगा वर्षानुवर्षं नाकात गेला तर त्यानं कर्करोगसुद्धा होऊ शकतो. आणि वस्तू जेवढी मोठी, तेवढा वेग कमी.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. वहीच्या प्रत्येक पानावर कारागिराचं नाव लिहा. कातलं कोणी, घासलं कोणी, लाख कोणी लावली. त्या वहीत वहिनींचं नाव एकदाही नव्हतं. ते नुसतं मानापानाचं नाही, त्यावर पैसा अवलंबून आहे.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. हा शिक्का मिळवणं छोट्या गटाच्या आवाक्याबाहेरचं आहे. पण हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरानं स्वतः करून विकलेल्या खेळण्याला त्यातून सूट आहे. म्हणजे कारागीर ओळखपत्र कोणाच्या नावावर आहे, यावर कोण उघडपणे खेळणी विकू शकतं ते ठरतं. वहिनींच्या घरात ते फक्त नवऱ्याच्या नावावर होतं, आणि तो आता मुंबईला नोकरीला आहे.

तसंच पीएम विश्वकर्मा योजनेचं. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहेत, आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारेही आहेत. प्रशिक्षण मिळतं, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो. अर्ज सीएससी केंद्रावर भरतात आणि पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते. आपल्याकडे अर्ज म्हटला की घरातल्या पुरुषाचं नाव आपोआप लिहिलं जातं. फॉर्म भरण्याआधी घरात बसून विचारा, आज हे काम प्रत्यक्ष कोण करतंय? जी करते तिचं नाव जाऊ दे.

वहिनींनी आता स्वतःच्या नावानं ओळखपत्रासाठी अर्ज केला आहे. अर्जात काय काम करता असा रकाना होता. त्यांनी आम्हाला विचारलं, काय लिहू? आम्ही म्हटलं, जे दीड तास सांगितलंत ते लिहा. त्यांनी लिहिलं, लाकूड निवडणे, वाळवणे, लाखकाम. नुसती हा शब्द लिहिला नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना माळ्यावरची एक कातीव वस्तू घेऊन या. आणि ती करताना जिनं पाहिली असेल, अशी एखादी आजी किंवा काकी गावात असेल तर तिलाही हाताला धरून आणा. वस्तू महिनाभर उशिरा मोजली तरी बिघडत नाही. आजीला मात्र याच आठवड्यात विचारा.