प्राचीन चर्चच्या छपरावर सौरशक्ती : परवानगी आणि पैसा



जुन्या वास्तूचे रूप राखावयाचे की तिला नव्या गरजांसाठी सिद्ध करावयाचे, हा प्रश्न जेथे वारसा आहे तेथे उभा राहतोच. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रालाही तो परिचित आहे. इंग्लंडमधील धर्मग्रामांची चर्चे या प्रश्नाचे उत्तर कसे शोधीत आहेत, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

चर्च ऑफ इंग्लंडच्या ताब्यात सुमारे १६,००० चर्चे आहेत. त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक वास्तू संरक्षित सूचीत समाविष्ट आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये या चर्चच्या महासभेने २०३० पर्यंत कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प केला. परंतु चर्चच्या देखभालीचा भार मुख्यतः स्थानिक धर्मग्राम मंडळावर असतो. भाविकांची संख्या थोडी, छप्पर गळके आणि गंगाजळी तुटपुंजी, अशी अनेक ठिकाणची स्थिती आहे. अशा मंडळाने सौर पॅनेलसाठी पैसा उभारावा तो कशाच्या आधारावर?

छप्पर अनुकूल, वापर प्रतिकूल

चर्चची रचना परंपरेने पूर्व-पश्चिम असते. त्यामुळे छपराची एक लांब बाजू आपोआप दक्षिणेकडे येते. इंग्लंडसारख्या उत्तरेकडील देशात सूर्यप्रकाशासाठी हीच दिशा उत्तम होय. मध्ययुगाच्या उत्तरार्धातील अनेक चर्चची छपरे कमी उताराची, शिशाच्या पत्र्याची आणि कठड्याआड दडलेली आहेत. तेथे बसविलेली पॅनेल खालून बहुधा दिसतही नाहीत.

अडचण आहे ती विजेच्या वापराची. पुष्कळ चर्चे रविवारी काही तास उघडतात आणि इतर दिवशी रिकामी राहतात. ऊब हवी असते हिवाळ्यात, तर वीज भरपूर निर्माण होते उन्हाळ्यात. शिवाय बहुतेक ठिकाणी ऊब मिळते ती गॅसवर किंवा तेलावर. उरलेली वीज जाळ्यात विकली तरी तिचा भाव विकत घेतलेल्या विजेपेक्षा कमी पडतो. २०१० मध्ये सुरू झालेली, निर्मितीवर हमीदर देणारी शासकीय योजना २०१९ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद झाली. जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या व्यवस्थेत केवळ जाळ्यात सोडलेल्या विजेचा मोबदला मिळतो. म्हणून ज्या चर्चमध्ये रोज बालवाडी, भोजनगृह किंवा गावसभा भरते, तेथेच हा हिशेब चांगला जुळतो.

परवानगीची वाट

चर्च ऑफ इंग्लंडला संरक्षित वास्तूंच्या नेहमीच्या शासकीय परवान्यातून सूट आहे. तथापि ही मोकळीक नव्हे. तिच्या जागी धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ नावाची अनुज्ञा घ्यावी लागते. मंडळ प्रथम धर्मप्रांताच्या सल्लागार समितीकडे जाते. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था, तसेच विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन वास्तुरक्षण संस्था, यांचे मत गरजेनुसार मागविले जाते. चर्चवर २८ दिवस जाहीर सूचना लावली जाते. शेवटी ‘चॅन्सेलर’ हा न्यायाधीश निर्णय देतो.

डर्बीशरमधील डफील्ड येथील सेंट अल्कमंड चर्चच्या प्रकरणात २०१२ साली वरिष्ठ धर्मन्यायालयाने जे प्रश्न घालून दिले, ते आजही मार्गदर्शक आहेत. वास्तूच्या महत्त्वाला बाध येईल काय? येत असल्यास किती? बदलाचे समर्थन स्पष्ट व पटण्याजोगे आहे काय? आणि होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे आहे काय? हानी जितकी गंभीर, तितके लोकहित मोठे असावे लागते. मूळ पत्र्याला छिद्र न पाडता बसविलेली आणि पुढे काढून घेता येणारी पॅनेल या कसोटीस अधिक सहज उतरतात. १ जुलै २०२२ पासून नियमांत बदल झाला असून, जेथे संबंध येतो तेथे निव्वळ शून्यविषयक मार्गदर्शनाचा विचार करणे अर्जदारावर बंधनकारक आहे.

याखेरीज स्थानिक नगररचना प्राधिकरणाची परवानगी आणि वीज वितरण कंपनीची जोडणीस संमती यांचीही गरज पडू शकते. छपराखाली वटवाघळांची वस्ती असेल तर तिलाही कायद्याचे संरक्षण आहे.

निधीची जुळवाजुळव

चर्चच्या केंद्रीय विश्वस्तांनी निव्वळ शून्याच्या कार्यक्रमासाठी १९ कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. १ फेब्रुवारी २०२४ पासून केवळ धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींवरील सौर पॅनेलच्या उभारणीला मूल्यवर्धित कराचा शून्य दर लागू झाला. उरलेली रक्कम देणग्या, भाविकांची बिनव्याजी कर्जे आणि स्थानिक अनुदाने यांतून जमवावी लागते.

यात काळाची निवड महत्त्वाची. छपराच्या दुरुस्तीसाठी परांची उभी असतानाच पॅनेल बसविली तर खर्च वाचतो. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपेल हे धर्मग्रामाचे चर्च नव्हे. तरी तेथील अनुभव बोलका आहे. शिशाच्या छपराचे काम निघाले असता तेथे ४३८ पॅनेल बसविण्यात आली. हिस्टॉरिक इंग्लंडचा विरोध असतानाही २०२३ मध्ये नगरपरिषदेने संमती दिली. ग्लॉस्टर कॅथीड्रलच्या छपरावर तर २०१६ मध्येच १५० पॅनेल बसली.

या सर्वांतून क्रम स्पष्ट होतो. प्रथम पन्हळी व छप्पर नीट करावे, थंड वाऱ्याच्या फटी बुजवाव्यात, वर्षभराच्या वीजवापराची नोंद ठेवावी. मग सल्लागार समितीला विचारावे आणि त्यानंतर निधीसाठी हात पसरावा. जे मंडळ अर्ज करण्यापूर्वी आपली गरज आकड्यांनी सिद्ध करते, त्याचे म्हणणे चॅन्सेलरला पटते आणि देणगीदारालाही. परवानगी व पैसा ही दोन कामे वाटतात. पण दोहोंचा आधार एकच, तो म्हणजे चोख हिशेब. वारशाची जपणूक आणि विकास यांचा मेळ याच मार्गाने बसू शकतो.