राउटर निवडताना

पेडणे-डिचोलीतून आलेल्या माझ्या इंटरनेट व्यावसायिक मित्रांनो,

अलीकडे तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. ग्राहक वाढले, जुना राउटर संध्याकाळी दमतो, आता नवा कोणता घ्यायचा? माझे मत स्पष्ट आहे. बाजारात सहज मिळणारा सर्व्हर घ्या आणि त्यावर मुक्त सॉफ्टवेअर चालवा. मात्र पैसे देण्याआधी पॅकेटांचा हिशेब मांडा.

दहा गिगाबिटची लाइन 64 बाइटच्या, म्हणजे सर्वांत लहान पॅकेटांनी भरली, तर सेकंदाला 1 कोटी 48 लाख पॅकेटे येतात. घरगुती ग्राहकांचे पॅकेट सरासरी नऊशे बाइटचे धरले, तर तीच लाइन साडेतेरा लाखांत भरते. एवढे काम साधे लिनक्स निभावते. पण कुणी लहान पॅकेटांचा मारा केला की तेच यंत्र कोलमडते. म्हणून क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवा.

आठ कोअरचा सर्व्हर घेतला की काम आठांत वाटले जाईल, असे आपण गृहीत धरतो. इथेच घात होतो. आपले ग्राहक पीपीपीओईवर असतात, आणि बरीच नेटवर्क कार्डे त्या वेष्टनाच्या आतला आयपी पत्ता पाहतच नाहीत. मग सगळी पॅकेटे एकाच रांगेत जातात. रात्री नऊला स्क्रीनवर पाहा: पहिला कोअर शंभर टक्के, उरलेले सात रिकामे, आणि हरमलच्या गेस्टहाउसमधून व्हिडिओ कॉल तुटल्याची तक्रार आलेली! इंटेलच्या एक्स710 जातीच्या कार्डात जादा प्रोफाइल भरून पीपीपीओईची वाटणी करता येते. तसे कार्ड नसल्यास पॅकेटे कोअरांत वाटणारी लिनक्समधली आरपीएस सोय वापरावी लागते. माझ्या मते प्रोसेसरच्या आधी कार्ड निवडावे.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर डेबियनवर ग्राहकांच्या जोडण्यांसाठी अ‍ॅक्सेल-पीपीपी, हिशेबासाठी फ्रीरेडियस आणि मार्गांसाठी एफआरआर किंवा बर्ड. चेक प्रजासत्ताकात घडलेले बर्ड युरोपातल्या मोठमोठ्या एक्स्चेंजांवर राबते आहे, तेव्हा आपल्या साखळी शहरात ते कमी पडण्याची भीती नको. मात्र ज्याचा अपस्ट्रीम एकच आहे, त्याने जगातले दहा लाख मार्ग मागवून करायचे काय? त्याला एक डीफॉल्ट रूट पुरे. कोड खुला असण्याचा फायदाही पाहा. 2012 मध्ये ब्रोकेडने राउटर सॉफ्टवेअर बनवणारी व्हायाटा कंपनी विकत घेतली आणि पुढे त्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती बंद पडली; कोड खुला होता म्हणून 2013 मध्ये त्यातूनच व्हायओएस उभे राहिले. बंद पेटीच्या ग्राहकाला अशी वाट मिळत नाही.

आता आपल्या पावसाचे. जुलैत धारगळजवळ झाड तारांवर पडले की गावेच्या गावे अंधारात जातात. खरी परीक्षा वीज आल्यावर होते. घराघरांतले ओएनटी, म्हणजे फायबरचे डबे, एकदम जागे होतात, सगळे एकाच मिनिटात लॉगिन मागतात आणि रेडियस गुदमरतो. एका वेळी किती जोडण्या सुरू होऊ द्यायच्या, ही मर्यादा अ‍ॅक्सेल-पीपीपीमध्ये घालता येते. ती घालाच. डिचोलीकरांना वेगळा जाच आहे: खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ पंख्यांत बसते. तिथे जाळीचे फिल्टर हवेत आणि ते नेमाने धुणारा माणूसही.

एक गोष्ट परवान्याची. 15 जून 2021 पासून दूरसंचार उपकरणे विश्वसनीय स्रोताकडूनच घेण्याची अट परवानाधारकांना लागू आहे. फुकट सॉफ्टवेअर घेतले म्हणून यंत्राला त्यातून सूट मिळत नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी कागद तपासून घ्या.

लायसन्सचे पैसे वाचतील, ते दोन ठिकाणी घाला. पहिले, तंतोतंत तसेच दुसरे यंत्र. त्यात कॉन्फिगरेशनची ताजी प्रत हवी आणि महिन्यातून एकदा ग्राहक त्यावर वळवून पाहायला हवेत. दुसरे, आपल्याच तालुक्यातली मुले. खाणी 2012 मध्ये थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या किती घरांची मिळकत गेली हे आपण पाहिले आहे. आयटीआय झालेल्या मुलाला लिनक्स शिकवायला वेळ लागतो, पगारही द्यावा लागतो. पण रात्री दोनला मोरजीत लाइन पडली, तर लॉग वाचून दुरुस्ती करणारा तोच असतो.

दुपारच्या सत्रात दोन सर्व्हर टेबलावर उघडे असतील. चालू यंत्राची केबल आपण सर्वांसमक्ष काढणार आहोत आणि दुसऱ्यावर जोडण्या परत यायला किती सेकंद लागतात ते मोजणार आहोत. ज्यांनी आपापली कॉन्फिगरेशन फाइल आणली आहे, त्यांनी पासवर्ड काढून ती आयोजकांकडे द्यावी; जेवणानंतर तिथूनच सुरुवात करू.